साथींचे गणित आणि विषाणूंची उत्क्रांती : भौतिकशास्त्राचा आधार कुठवर?

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये देशातील कोरोना साथीविषयीचे आपले अनुमान जाहीर केले. साथीने सप्टेंबरमध्ये शिखर गाठले आहे आणि खबरदारीचे नियम पाळले गेल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत सक्रिय रुग्णांची संख्या अत्यल्प होईल, असे समितीच्या गणिती प्रारूपातून निघत होते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दररोजच्या नव्या रुग्णांची संख्या दहा हजारांच्या आसपास उतरली, तेव्हा हे अनुमान खरे ठरल्यासारखे वाटले. मात्र त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एका दिवसातील नव्या रुग्णांची नोंद चार लाखांपलीकडे गेली. रुग्णालयांतील खाटा अपुऱ्या पडल्या, प्राणवायूसाठी धावाधाव झाली आणि असंख्य कुटुंबांनी आपली माणसे गमावली.

त्या घटनाक्रमानंतर साथींच्या गणितावर लोकांचा विश्वास उरला नसेल, तर त्यात नवल नाही. परंतु गणित टाकून देणे हा त्यावरील उपाय ठरत नाही. साथींचा प्रसार आणि रोगजंतूंची उत्क्रांती समजून घेण्यासाठी गेल्या शतकभरात भौतिकशास्त्राची पद्धत वापरली गेली आहे. तिने आरोग्यविज्ञानाला काही अत्यंत भक्कम नियम दिले आहेत. त्याचबरोबर तिच्या मर्यादाही वेळोवेळी उघड झाल्या आहेत. यातील भक्कम काय आणि तकलादू काय, हे ओळखता येणे पुढील साथीच्या वेळी निर्णायक ठरेल. या विषयाचा एक महत्त्वाचा धडा थेट मुंबईतून येतो.

मुंबईच्या प्लेगची आकडेवारी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. बंदरालगतच्या या वस्तीतून रोग शहरभर आणि पुढे देशभर पसरला. पहिल्या वर्षी सुरू झालेली ही साथ एकदाच येऊन गेली नाही. पुढील अनेक वर्षे हिवाळा सरताना ती डोके वर काढी आणि उन्हाळा तापला की ओसरे. सरकारी दप्तरात दर आठवड्याच्या मृत्यूंची नोंद होत होती.

या नोंदींपैकी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या कालावधीतील आकडे पुढे जगप्रसिद्ध झाले. एडिंबरा येथील विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथींच्या गणिताविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आजही साथरोगशास्त्राची पाठ्यपुस्तके याच निबंधापासून सुरुवात करतात. मॅकेंड्रिक यांनी भारतीय वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढली होती आणि कसौली येथील पाश्चर संस्थेचे ते प्रमुख होते. मलेरियाचा डासांशी असलेला संबंध १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांच्या सहवासात त्यांना या विषयाची गोडी लागली. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली, तरीही त्यांनी संशोधन थांबवले नाही.

या दोघांची मूळ कल्पना रसायन व भौतिकशास्त्रातून आलेली होती. बंद भांड्यातील वायूचे कण एकमेकांवर आदळतात आणि त्यातून रासायनिक क्रिया घडते. क्रियेचा वेग दोन्ही प्रकारच्या कणांच्या संख्येच्या गुणाकारावर अवलंबून असतो. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी समाजातील माणसांना असेच कण मानले. काही जण रोगाला बळी पडू शकणारे, काही रोगग्रस्त आणि काही बरे झालेले किंवा मृत, असे तीन गट त्यांनी केले. पहिल्या दोन गटांतील व्यक्तींची गाठ पडली की संसर्ग होतो, एवढ्याच गृहीतावर त्यांनी समीकरणे मांडली. त्यातून निघालेली घंटेच्या आकाराची वक्ररेषा मुंबईच्या मृत्यूंच्या आकड्यांशी आश्चर्यकारकरीत्या जुळली.

येथेच पहिला धडा आहे. प्लेग हा मुख्यतः उंदीर आणि पिसवा यांच्याद्वारे पसरणारा रोग आहे. पिसवांची भूमिका पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिली होती. उन्हाळ्यात साथ ओसरण्यामागे तापमानाचा पिसवांवर होणारा परिणाम हे एक प्रमुख कारण होते. समीकरणांत मात्र ना ऋतू होता, ना तापमान. रोगाला बळी पडू शकणारे संपत आले म्हणून साथ ओसरली, असे समीकरण सांगत होते. म्हणजे वक्ररेषा बरोबर जुळली, पण त्यामागील कारण अपुरे होते. स्वतः लेखकांनीही आपली गृहीते पूर्णपणे लागू पडत नसल्याचे आणि हा आकडेमोडीचा मेळ ढोबळ असल्याचे त्याच निबंधात नमूद केले होते. पुढे अनेकांनी वक्ररेषा लक्षात ठेवली आणि ही सूचना विसरली. वक्ररेषा जुळणे हा प्रारूप खरे असल्याचा पुरावा नव्हे, हे मुंबईच्या प्लेगने तेव्हाच दाखवून दिले होते.

उंबरठ्याचा नियम

असे असले तरी १९२७ च्या निबंधातील एक निष्कर्ष काळाच्या कसोटीला पुरेपूर उतरला आहे. तो उंबरठ्याचा नियम होय. पाणी शून्य अंशाखाली गेले की गोठते. तापमानातील अगदी लहान फरक त्याची अवस्था बदलतो. भौतिकशास्त्रात याला अवस्थांतर म्हणतात. साथीच्या बाबतीतही असाच एक उंबरठा असतो. एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो, हा आकडा एकापेक्षा अधिक असेल तर साथ वाढते आणि एकापेक्षा कमी असेल तर विझते. कोरोना काळात 'आर' या अक्षराने घराघरांत पोहोचलेली संख्या ती हीच.

या नियमाचे व्यावहारिक महत्त्व आकड्यांतून स्पष्ट होते. समजा, एक हजार रुग्ण आहेत आणि 'आर' १.१ आहे. संसर्गाच्या तीस फेऱ्यांनंतर एका फेरीतील रुग्णांची संख्या सतरा हजारांवर जाईल. तोच आकडा ०.९ असेल, तर तीस फेऱ्यांनंतर सुमारे ४२ रुग्ण उरतील. दोन परिस्थितींतील वर्तनाचा फरक किरकोळ आहे. काही कमी भेटी, थोडी अधिक मोकळी हवा, काही लोकांचे लसीकरण एवढ्यानेही तो पडू शकतो. परिणाम मात्र चारशे पटींनी वेगळा आहे. म्हणूनच उंबरठ्याजवळ असताना केलेला लहानसा प्रयत्नही वाया जात नाही आणि तेथेच झालेली लहानशी ढिलाई महागात पडते.

सामूहिक रोगप्रतिकारशक्तीची कल्पनाही याच नियमातून येते. एक रुग्ण सरासरी तिघांना संसर्ग देत असेल, तर समाजातील सुमारे दोन तृतीयांश लोक सुरक्षित झाल्यावर साथ टिकू शकत नाही. गोवराचा रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, बारा ते अठरा जणांना संसर्ग देतो असे मानले जाते. त्यामुळे गोवर रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळणे आवश्यक ठरते. शंभर टक्के लोकांना लस द्यावी लागत नाही. परंतु ८५ टक्क्यांवर समाधान मानले तर साथ परतते. रोनाल्ड रॉस यांनीही मलेरियाविषयी हेच सांगितले होते. प्रत्येक डास मारण्याची गरज नसते, त्यांची संख्या ठरावीक पातळीखाली आणणे पुरेसे असते.

सरासरीचा फसवेपणा

वायूचे कण सारखे असतात, माणसे तशी नसतात. घरात एकटा राहणारा निवृत्त गृहस्थ आणि दिवसभर शेकडो प्रवाशांच्या संपर्कात येणारा बसवाहक यांची गणना एकाच सरासरीत केली, तर चित्र विकृत होते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला भौतिकशास्त्रज्ञांनी या त्रुटीकडे लक्ष वळवले. रोमुआल्डो पास्तोर-सातोरास आणि अलेस्सांद्रो व्हेस्पिन्यानी यांनी २००१ मध्ये दाखवले की, ज्या जाळ्यात थोड्या बिंदूंचे संपर्क प्रचंड आणि बाकीच्यांचे अत्यल्प असतात, तेथे साथीचा उंबरठा जवळजवळ नाहीसा होतो. अत्यंत मंद संसर्गही अशा जाळ्यात तग धरू शकतो. मात्र याच जाळ्याचा एक फायदाही आहे. अधिक संपर्क असलेल्या मोजक्या व्यक्तींना आधी संरक्षण दिले, तर सरसकट उपायांपेक्षा थोड्या प्रयत्नांत मोठा परिणाम साधता येतो.

भारतातील अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत २०२० मध्ये सुमारे ८५ हजार रुग्णांच्या पावणेसहा लाख संपर्कांचा माग काढण्यात आला. त्याचे विश्लेषण 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णांचे संपर्क तपासले गेले, त्यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांच्या एकाही संपर्काला बाधा झालेली आढळली नाही. संसर्गाचा मोठा वाटा थोड्या व्यक्ती आणि थोड्या प्रसंगांतून झाला होता.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. जुलै २०२० मध्ये महापालिकेच्या तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी करण्यात आली. झोपडपट्टीत राहणाऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले, तर अन्य वस्त्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. एकच शहर, एकच विभाग, तरीही दोन वस्त्यांतील साथ जणू दोन वेगळ्या देशांतील होती. दहा माणसांची एक खोली आणि सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्याला अंतर राखण्याचा सल्ला देणे व्यर्थ असते, हे या आकड्यांतून दिसले. संपूर्ण शहराची एक सरासरी काढली असती, तर ती दोन्हींपैकी एकाही वस्तीला लागू पडली नसती.

अंतराची कल्पनाही याच प्रकारे बदलली आहे. पूर्वी साथ पाण्यावरील तरंगासारखी गावोगाव सरकत असे. विमानप्रवासाच्या युगात नकाशावरील किलोमीटर फारसे उपयोगी पडत नाहीत. डिर्क ब्रॉकमन आणि डिर्क हेल्बिंग यांनी २०१३ मध्ये असे दाखवले की, दोन शहरांतील अंतर त्यांच्यातील प्रवाशांच्या प्रमाणावरून मोजले, तर जगभर वेडावाकडा पसरलेला दिसणारा रोग पुन्हा नियमित तरंगासारखा दिसू लागतो. या हिशेबाने मुंबई ही दुबईला जितकी जवळ आहे, तितकी राज्याच्या एखाद्या दुर्गम तालुक्याला नाही.

हवेतील कणांचा प्रश्न

भौतिकशास्त्राने थेट धोरण बदलायला लावल्याचे एक उदाहरण कोरोना काळातच घडले. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नसल्याचे जाहीरपणे सांगितले होते. खोकताना-शिंकताना उडणारे थेंब दोन मीटरच्या आत जमिनीवर पडतात, अशी समजूत त्यामागे होती. पाच मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागापेक्षा, मोठा प्रत्येक कण लगेच खाली पडतो असे वैद्यकीय वर्तुळात मानले जात होते.

हवेतून पडणाऱ्या बारीक कणाचा वेग काढण्याचे सूत्र मात्र एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध आहे. त्यानुसार स्थिर हवेत पाच मायक्रोमीटरचा कण माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर पोहोचण्यास सुमारे अर्धा तास घेतो. काही सेकंदांत पडणारा थेंब शंभर मायक्रोमीटरच्या आसपासचा असतो. म्हणजे प्रचलित समजूत वीस पटींनी चुकलेली होती. भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या लिडिया मोराव्स्का यांच्या पुढाकाराने जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हा मुद्दा जाहीरपणे मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतून होणारा प्रसार स्पष्ट शब्दांत मान्य केला. भारतातही मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खोल्यांतील हवा खेळती ठेवण्यावर भर देणारी सूचना काढली. तोवर साथीची पहिली लाट येऊन गेली होती आणि दुसरी ऐन भरात होती. टेबले, दारांच्या मुठी आणि भाजीपाला धुण्यात जी शक्ती खर्च झाली, तिचा काही भाग खिडक्या उघडण्याकडे वळला असता तर लाभ अधिक झाला असता.

उत्क्रांतीचे अंकगणित

साथीचा प्रसार हा या विषयाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग रोगजंतू सतत बदलत असतात, या वस्तुस्थितीशी निगडित आहे. येथेही भौतिकशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. माक्स डेलब्रुक यांचे शिक्षण सैद्धांतिक भौतिकशास्त्रात झाले होते. त्यांनी आणि साल्वाडोर लुरिया यांनी १९४३ मध्ये एक मूलभूत प्रश्न सोडवला. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूशी सामना झाल्यावर काही जिवाणू वाचतात. ही क्षमता त्यांच्यात हल्ल्यामुळे निर्माण होते की आधीपासूनच असते?

दोघांनी जिवाणूंची अनेक स्वतंत्र पात्रे वाढवली आणि प्रत्येकावर विषाणू सोडला. प्रतिकार हल्ल्यामुळे निर्माण होत असता, तर प्रत्येक पात्रात वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी निघाली असती. प्रत्यक्षात बहुतेक पात्रांत एकही किंवा अगदी थोडे जिवाणू वाचले आणि एखाद्याच पात्रात त्यांची झुंबड उडाली. त्या पात्रात अनुकूल बदल योगायोगाने फार आधी घडून त्याची संतती वाढलेली होती. आकड्यांतील या चढउतारावरूनच सिद्ध झाले की बदल आधी घडतो आणि संकट केवळ त्याची निवड करते. या दोघांना आल्फ्रेड हर्शी यांच्यासह १९६९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या तत्त्वाने पुढे लाखो जीव वाचवले. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यानंतर अनेक वर्षे रुग्णाच्या रक्तातील विषाणूंची पातळी जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे विषाणू सुप्तावस्थेत आहे, असा समज होता. १९९५-९६ मध्ये डेव्हिड हो आणि लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या सैद्धांतिक विभागातील अ‍ॅलन पेरेलसन यांनी हा समज मोडीत काढला. हौदात नळाने जेवढे पाणी येते तेवढेच खालच्या तोटीने वाहून जात असेल, तर पातळी स्थिर दिसते. म्हणून पाणी साचलेले आहे असे म्हणता येत नाही. नळ बंद केला की पातळी किती वेगाने उतरते, यावरून प्रवाह किती मोठा होता ते कळते. या शास्त्रज्ञांनी औषधाने विषाणूची वाढ रोखली आणि पातळी उतरण्याचा वेग मोजला. रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी विषाणू तयार होतात आणि तेवढेच नष्ट होतात, असे त्यातून निष्पन्न झाले.

यापुढील हिशेब सरळ आहे. या विषाणूची जनुकीय माहिती सुमारे दहा हजार अक्षरांची आहे आणि प्रत काढताना सरासरी तीन-चार प्रतींमागे एक चूक होते. दररोज हजार कोटी प्रती निघत असतील, तर एका अक्षराचा प्रत्येक संभाव्य बदल रोज कुठे ना कुठे घडत असतो. एकच औषध दिले, तर त्याला न जुमानणारा विषाणू शरीरात आधीच हजर असतो. परंतु तीन वेगवेगळ्या औषधांना चुकवणारे तीन बदल एकाच प्रतीत योगायोगाने घडण्याची शक्यता नगण्य असते. तीन औषधे एकत्र देण्याच्या उपचारपद्धतीला या हिशेबाने भक्कम आधार दिला. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून हे उपचार मोफत देण्यास सुरुवात झाली.

क्षयरोगाच्या उपचारात एकाच वेळी अनेक औषधे दिली जातात, त्यामागेही हेच अंकगणित आहे. औषधे मध्येच सोडणे किंवा त्यांतील एखादेच घेणे म्हणजे जिवाणूला एकेक अडथळा स्वतंत्रपणे पार करण्याची संधी देणे होय. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात असल्याने हा हिशेब येथे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही. औषधांचा पुरवठा काही आठवडे खंडित झाला, तर त्याची किंमत त्या रुग्णापुरती मर्यादित राहत नाही. औषधांना न जुमानणारा जिवाणू पुढे इतरांपर्यंत पोहोचतो.

दोन वक्ररेषांची बेरीज

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णसंख्या घटत असताना नेमके काय घडत होते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या प्रदेशात जुन्या विषाणूचे आठवड्याला दहा हजार रुग्ण आहेत आणि ती संख्या दर आठवड्याला २० टक्क्यांनी घटते आहे. त्याच वेळी अधिक वेगाने पसरणाऱ्या नव्या उपप्रकाराचे फक्त शंभर रुग्ण आहेत, पण ते दर आठवड्याला ४० टक्क्यांनी वाढत आहेत. एकूण रुग्णांचा आकडा पाहणाऱ्याला सात आठवडे सलग घटच दिसेल. दहा हजार शंभरवरून संख्या सुमारे तीन हजार दीडशेपर्यंत उतरलेली असेल आणि साथ संपत आल्याची भावना बळावेल. मात्र त्या क्षणी प्रत्येक तीन रुग्णांमागे एक रुग्ण नव्या उपप्रकाराचा असेल. पुढील पाच आठवड्यांत एकूण संख्या दुप्पट झालेली असेल आणि मग ती थांबणार नाही.

एकूण आकड्यावर बसवलेले कोणतेही प्रारूप, ते कितीही अचूक जुळले तरी, हे वळण आधी पाहू शकत नाही. कारण त्याची माहिती त्या आकड्यात नसतेच. ती असते विषाणूच्या जनुकीय क्रमवाचनात. पुढे 'डेल्टा' या नावाने ओळखल्या गेलेल्या उपप्रकाराचे कुळ २०२० च्या अखेरीस भारतात आढळले आणि त्याच्या सुरुवातीच्या खुणांत महाराष्ट्रातील नमुने ठळक होते. जनुकीय क्रमवाचन करणाऱ्या प्रयोगशाळांचा 'इन्साकॉग' हा राष्ट्रीय गट डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झाला. तो नवा होता, नमुने अपुरे होते आणि वाढीचा वेग मोजण्यासाठी लागणारी सलग आकडेवारी हाती येईपर्यंत लाट उसळली होती. समितीच्या प्रारूपाने विषाणूचे गुणधर्म स्थिर धरले होते. विषाणू मात्र बदलला. मुंबईच्या प्लेगमध्ये समीकरणातून ऋतू निसटला होता, येथे उत्क्रांती निसटली.

उत्क्रांतीचा अंदाज बांधणे अशक्य आहे, असा याचा अर्थ नाही. इन्फ्लुएन्झाच्या लशीत कोणते प्रकार घ्यावेत हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी फेब्रुवारी आणि सप्टेंबर महिन्यांत तज्ज्ञांची बैठक घेते. लस तयार होण्यास काही महिने लागत असल्याने पुढील हंगामात कोणता प्रकार वरचढ ठरेल, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. मार्ता लुक्शा आणि भौतिकशास्त्रज्ञ मिखाएल लेसिग यांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये एक पद्धत मांडली. लोकांची प्रतिकारशक्ती चुकवण्याची क्षमता आणि विषाणूची स्वतःची स्थिरता यांचा तोल पाहून प्रत्येक शाखेच्या वाढीचा अंदाज तिच्यात काढला जातो. वर्षभराच्या अंतरावर अशा पद्धती उपयोगी पडतात. परंतु २००९ मधील स्वाइन फ्लू डुकरांतील विषाणूंमधून आला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळलेला 'ओमिक्रॉन' डेल्टाच्या कुळातून न येता वेगळ्याच शाखेतून पुढे आला. जे प्रकार अस्तित्वात आहेत त्यांतील शर्यतीचा हिशेब करता येतो. अजून जन्मालाच न आलेल्या स्पर्धकाचा येत नाही.

नोंदींविना गणित नाही

हवामानाच्या अंदाजाशी येथे तुलना करता येईल. चक्रीवादळाच्या मार्गाचा अंदाज गेल्या काही दशकांत सुधारला, त्याचे श्रेय समीकरणांइतकेच उपग्रह, रडार आणि समुद्रातील तरंगत्या यंत्रांना आहे. साथींच्या बाबतीत अशा निरीक्षणव्यवस्थेची जागा जनुकीय क्रमवाचन, सांडपाण्याची तपासणी, रक्तातील प्रतिपिंडांच्या नियमित पाहण्या आणि मृत्यूंची काटेकोर नोंद यांनी घ्यायची आहे. मुंबईत सांडपाण्यातील पोलिओ विषाणूचा शोध घेण्याचे काम २००१ मध्ये सुरू झाले. लक्षणे दिसण्यापूर्वीच विषाणूचा वावर कळावा, हा त्यामागील हेतू होता. २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात अशा शांतपणे चालणाऱ्या कामाचाही वाटा होता.

मृत्यूंच्या नोंदींविषयीचा वाद मात्र अद्याप विसरता येण्याजोगा नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीमुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला. २०२१ अखेरपर्यंतचा अधिकृत आकडा पाच लाखांहून कमी होता. भारत सरकारने संघटनेच्या गणिती पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला. कोणाचा आकडा अधिक योग्य, यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. मात्र प्रत्येक राज्यातील मृत्यूंची कारणासह नोंद वेळच्या वेळी उपलब्ध असती, तर प्रारूपाच्या आधारे अंदाज बांधण्याची आणि त्यावर वाद घालण्याची वेळच आली नसती. ब्रिटिश राजवटीत मुंबईतील आठवड्याचे मृत्यू दप्तरात नोंदवले गेले, म्हणूनच वीस वर्षांनी एडिंबरा येथे कोणाला त्यांचा अभ्यास करता आला, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

पुढची साथ कोणत्या रोगजंतूची असेल आणि ती कधी येईल, हे सांगणारे समीकरण नाही. परंतु ती आल्यावर जी अनुमाने पुढे ठेवली जातील, त्यांना सामान्य नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी विचारण्याजोगे प्रश्न आता ठाऊक आहेत. अनुमानामागील गृहीते जाहीर केली आहेत काय? शहर, वस्ती आणि वयोगट यांतील भेद त्यात धरला आहे की एका सरासरीवर काम भागवले आहे? विषाणू बदलला तर आकडे कसे बदलतील, हे सांगितले आहे काय? आणि कोणती घटना घडली म्हणजे हे अनुमान चुकले असे मानायचे? या प्रश्नांची उत्तरे देणारे प्रारूप चुकले तरी वेळेवर दुरुस्त करता येते. ज्याची उत्तरे मिळत नाहीत, त्या प्रारूपाची वक्ररेषा कितीही सुबक असली तरी तिच्या भरवशावर रुग्णालयांतील वाढीव खाटा काढून टाकणे किंवा प्राणवायूची तयारी थांबवणे धोक्याचे आहे.